रापीला रापी म्हणा!

आमच्या हॉस्टेलमध्ये यंदा एक नवी साथ आली आहे. घाबरू नका, डेंग्यू नाही. लेदरक्राफ्ट! कुणी कार्ड-होल्डर शिवतंय, कुणी बेल्ट, कुणी किल्लीची किचेन. सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा कॉरिडॉरमधून ठक्-ठक् आवाज येतो आणि रेक्टर मॅडमना वाटतं कुणीतरी भिंतीत खिळे मारतंय. मी स्वतः गेलं दीड वर्ष या साथीत आहे. त्यामुळे हा लेख छंदाच्या विरोधात नाही, उलट प्रत्येकाने हे एकदा करून बघावं असं माझं ठाम मत आहे. फक्त माझी एक अट आहे. ती अट म्हणजेच हा लेख.

खरं तर हे सगळं इंग्लिश सेक्शनला लिहिणं मला सोपं गेलं असतं. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. आमच्या मराठीच्या बाईंना माझा निबंध वाचताना काय वाटायचं ते त्यांनाच ठाऊक! पण हा विषय शब्दांचाच आहे, म्हणून मुद्दाम मराठीत लिहितेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आधी छंदाची बाजू. चार वर्षं आपण इंजिनिअरिंग शिकतो म्हणजे बहुतेक वेळ काय करतो? स्क्रीनकडे बघतो. स्क्रीनवरच्या पार्टला फिलेट दिला की तो गोल होतो, डिलीट केला की जातो. चामडं तसं वागत नाही. एकदा कापलं की कापलं, तिथे अनडू नाही. शिवाय चामडं हे जिवंत शरीरातून आलेलं मटेरियल आहे. पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल आणि ताणला जाणारा. म्हणून बेल्ट कापायचा तो पाठीच्या कण्याला समांतर. पोटाकडच्या चामड्याचा बेल्ट चार महिन्यांत लांबतो आणि मग आपण म्हणतो, ‘मी बारीक झाले वाटतं!’ मटेरियल सायन्सच्या लेक्चरला ‘ॲनआयसोट्रॉपी’ हा शब्द आपण पाठ केला होता. तो प्रत्यक्ष बोटांना कळतो तो असा.

कच्चं कातडं आणि कमावलेलं चामडं यातला फरक समजून घेतला तर केमिस्ट्रीही आवडायला लागेल. कातड्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. तसंच ठेवलं तर ते कुजतं, वाळवलं तर पत्र्यासारखं ताठ होतं. कमावणं म्हणजे या तंतूंना असं काही बांधून टाकायचं, की ते कुजणारही नाहीत आणि लवचिकही राहतील. याच्या मुख्य दोन पद्धती. एक जुनी, झाडांच्या टॅनिनची. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. दुसरी क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांची. तिचं पेटंट ऑगस्टस शुल्त्झ याने अमेरिकेत १८८४ साली घेतलं. क्रोमने कमावण्याचं काम एखाद्या दिवसात होतं, चामडं मऊ राहतं, उष्णता जास्त सहन करतं. झाडपाल्याने कमवायला काही आठवडे जातात. म्हणून आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचं असतं, आणि क्रोमच्या सांडपाण्याचा प्रश्नही त्यातूनच आला.

पण हाताने काम शिकणाऱ्याने सुरुवात झाडपाल्याने कमावलेल्या चामड्यावरच करावी. ते ओलं केलं की हवा तो आकार घेतं, त्याच्या कडा घासून चकचकीत करता येतात, टाका कुठे पडला ते स्वच्छ दिसतं. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. आतून सगळीकडे तपकिरी असेल तर बहुधा झाडपाल्याचं. मधे निळसर-करडी रेघ असेल तर क्रोमचं. पाण्याचा थेंब टाका. फिनिश न केलेलं झाडपाल्याचं चामडं तो पटकन शोषतं आणि तिथे गडद डाग पडतो. आणि मागे कापड चिकटवलेलं दिसलं तर ते चामडंच नाही, रेक्झिनचं भावंड आहे. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर तर अजिबात जाऊ नका. त्याचा अर्थ इतकाच की आत कुठेतरी चामडं आहे. कसलं, ते तो शिक्का सांगत नाही.

आता हत्यारं. सगळ्यांचा पहिला प्रश्न, ‘किट कुठलं घेऊ?’ माझं उत्तर, कुठलंही नको. त्या तीस-चाळीस वस्तूंच्या किटमधली निम्मी हत्यारं पेटीतच गंजतात आणि उरलेल्यांना धार नसते. सुरुवातीला लागतं ते एवढंच: कापायला एक पातं, भोक पाडायला एक आरी, दोन बोथट सुया, मेण लावलेला जाड दोरा, एक स्टीलची पट्टी, एक लाकडी हातोडा. टाक्यांचं अंतर आखायला वर्कशॉपमधला डिव्हायडर चालतो, आणि तोही नसेल तर जेवणाचा काटा! काट्याची टोकं सारख्या अंतरावर असतात. कडेपासून सारखी रेघ आखायची, काटा दाबत पुढे सरकायचं, मागच्या शेवटच्या खुणेत काट्याचं पहिलं टोक ठेवायचं. खुणा एका मापात येतात. कड गुळगुळीत करायला बारीक पॉलिश पेपर, थोडं पाणी आणि जुन्या जीन्सचा तुकडा पुरतो. जोर लावून घासा. घर्षणाने उष्णता येते, ओले तंतू दबतात आणि कड काचेसारखी चमकायला लागते. वरून मधमाशीच्या मेणाचा हात. झालं! सगळं मिळून हजार रुपयांच्या आत बसतं.

खर्च करायचाच असेल तर धारेवर करा. धारेचा एक चांगला दगड घ्या आणि चामड्याचाच एक पट्टा लाकडावर चिकटवून ठेवा. जुने न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचे ते आठवा, तसंच पातं कामाच्या आधी आणि मधे मधे त्यावर फिरवायचं. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की पातं घसरतं आणि मग चामड्याऐवजी बोट कापलं जातं. धारदार हत्यारच सुरक्षित हत्यार, हे वर्कशॉपच्या भिंतीवर लिहायला हरकत नाही.

आणि टाका. या सगळ्या कलेचं हृदय तो टाका आहे. शिलाई मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो, वरचा आणि खालचा, आणि ते कापडाच्या मधोमध एकमेकांना अडकवून धरतात. एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही आणि शिवण उसवत जाते. हाताच्या टाक्यात दोरा एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून आरपार जातात. मधे कुठे एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. ज्याला आपण डिझाइनच्या पेपरात ‘रिडंडन्सी’ म्हणतो ते हेच. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या. पहिली सुई नेहमी एकाच बाजूची, दुसरी नेहमी पहिल्या दोऱ्याच्या एकाच बाजूने, आणि दोन्ही हातांचा ओढ सारखा. एवढं पाळलं की टाके आपोआप एका कलात तिरके पडतात. शेवटी दोन-तीन टाके उलटे घ्यायचे, गाठीची गरज नाही.

या टाक्यावर अल स्टोलमन या अमेरिकन कारागिराचं १९७७ सालचं एक पुस्तक आहे आणि जगभरचे हौशी लोक अजूनही त्यावरून शिकतात. त्याचं नाव आदराने घेतात. घ्यावंच. चांगलं शिकवणाऱ्याचं नाव घ्यायलाच हवं. पण माझी गोष्ट इथूनच सुरू होते.

आमच्या किटवाल्या मंडळींच्या तोंडात नावं कुठली? ‘स्काइव्हिंग नाइफ’, ‘स्टिचिंग ऑल’, ‘एज बेव्हलर’. एका मैत्रिणीने कावाबोचो नावाचा जपानी चाकू मागवला. सरळ, रुंद पात्याचा, फार सुरेख. ती तो सगळ्यांना दाखवत होती. तेव्हा मला आपल्या कॉलेजच्या गेटसमोरचे काका आठवले, जे आपल्या सगळ्यांच्या सॅकच्या चेन आणि चपलांचे अंगठे गेली कित्येक वर्षं शिवतायत. त्यांच्या हातातही असंच रुंद, चपटं पातं असतं. चामडं कापायचं त्यानेच, कड तासून पातळ करायची त्यानेच. त्याला म्हणतात रापी. भोक पाडायची ती आरी. आपल्या आरीच्या टोकाला खाच असते. ती आत जाते आणि येताना खालचा दोरा अडकवून वर आणते, मग त्या फासातून दुसरं टोक ओवायचं आणि दोन्हीकडून ओढायचं. म्हणजे मशीनच्या टाक्याचं काम एकटी आरी करते! रापी आणि आरी ही हत्यारं संत रोहिदासांच्या चित्रातही दिसतात. इतकी जुनी, इतकी आपली. पण आम्हाला ती दिसली नाहीत, कारण ती दुकानाच्या खोक्यात नव्हती, फुटपाथवर होती.

मी काकांकडे रापी कशी धरायची ते शिकवाल का असं विचारलं, तेव्हा ते आधी हसले. म्हणाले, “ताई, तुमाला कशाला पायजे हे? तुमी शिकल्यालं लोक.” मी म्हटलं, छंद म्हणून. ते जरा गप्प झाले आणि मग म्हणाले, “आमच्या पोराला मी हात लावू देत नाई याला. कॉमर्सला हाय तो.” पुढे त्यांनी मला शिकवलं, आणि फार छान शिकवलं. अंगठा कुठे ठेवायचा, पातं ओढायचं की ढकलायचं, कड तासताना चामडं कशावर ठेवायचं. पण ते पहिलं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. जे काम मी हौसेने शिकतेय, तेच काम आपल्या मुलाच्या हाताला लागू नये म्हणून एक बाप आयुष्यभर उन्हात बसलाय. सरकारी भाषेत त्यांना ‘गटई कामगार’ म्हणतात. आपल्या भाषेत काय म्हणतात ते सांगायला नको, कारण त्या जातीचं नाव आपल्याकडे सर्रास शिवीसारखं वापरलं जातं. आपल्या कॅम्पसमध्येसुद्धा.

मला माहीत आहे, आता काही जण म्हणतील, ‘झालं! छंदात पण जात आणली.’ मित्रांनो, मी आणली नाही, ती तिथे होतीच. कातडं सोलणं, कमावणं, शिवणं ही कामं आपल्या समाजाने ठराविक लोकांच्या माथी मारली. कमावणारे ढोर, शिवणारे चांभार. आणि मग त्याच कामासाठी त्यांना गावाबाहेर ठेवलं. चपला सगळ्यांनी घातल्या, शिवणाऱ्याचा स्पर्श मात्र कुणाला चालला नाही. हे जुनं झालं असं म्हणावं, तर जुलै २०१६ मध्ये गुजरातमधल्या उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर बेदम मारहाण झाली. मी हॉस्टेलच्या रूममध्ये चामड्याला हात लावते तेव्हा लोक ‘वॉव, सो क्रिएटिव्ह!’ म्हणतात. माल तोच, हत्यार तेच. फरक फक्त हात कुणाचे, याचा.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ज्या जपानचा तो सुंदर चाकू, तिथेही कातड्याचं काम करणाऱ्यांना शतकानुशतकं अस्पृश्यासारखं वागवलं जायचं. १८७१ साली सरकारी हुकमाने तो दर्जा कागदोपत्री रद्द झाला, भेदभाव पुढेही चालू राहिला. चाकू जगभर पोचला, ती गोष्ट काही खोक्यातून आली नाही.

आता जरा आपल्याच क्षेत्राकडे बघू. फर्स्ट इयरला आपण वर्कशॉप केलं. सुतारकाम, लोहारकाम, फिटिंग, पत्र्याचं काम, वेल्डिंग. जॉब बनवले, जर्नल लिहिली, मास्तरांची सही घेतली. त्यात चामड्याचं काम होतं का? नव्हतं. का नव्हतं, असा प्रश्न कधी पडला? चामडं म्हणजे इंजिनिअरिंग मटेरियल नाही, असं म्हणाल तर चूक. जुन्या कारखान्यांत एका शाफ्टवरून सगळी मशीन्स फिरायची ती चामड्याच्या पट्ट्यांवर. इंडिया मार्क टू हातपंपात पाणी वर उचलणारे वॉशर सुरुवातीला चामड्याचेच होते. आणि आपली मोट! विहिरीतून पाणी काढणारी चामड्याची मोट. खाली निमुळती सोंड, वर रुंद तोंड, दोघांना वेगवेगळे दोर. मोट वर येताना सोंड दुमडून तोंडाच्या उंचीला राहते म्हणून पाणी सांडत नाही, आणि थारोळ्याशी आली की सोंड पुढे ओढली जाऊन पाणी आपोआप ओतलं जातं. ऑटोमॅटिक डिस्चार्ज! झडप नाही, माणूस लागत नाही, फक्त बैल पुढे चालतो. ही रचना पुढे लोखंडी मोटेनेही उचलली. ती चामड्याची मोट शिवणारा हा बलुतेदार इंजिनिअर नव्हता तर कोण होता?

अजून एक उदाहरण. चामड्यात चीर द्यायची असेल, म्हणजे पट्टा ओवायला फट हवी असेल, तर चिरेच्या दोन्ही टोकांना आधी गोल भोक पाडायचं आणि मग मधे कापायचं. नुसती चीर दिली तर ती फाटत जाते. हे मला काकांनी सांगितलं. बरोबर दोन महिन्यांनी आमच्या सरांनी फ्रॅक्चर शिकवताना फळ्यावर क्रॅक काढली आणि सांगितलं, की क्रॅकच्या टोकाला गोल भोक पाडलं की तिथला स्ट्रेस पसरतो आणि क्रॅक थांबते. सरांनी त्याचं समीकरण सांगितलं, काकांनी हात सांगितला. दोन्ही ज्ञानच आहे. एकाला आपण मार्क देतो, दुसऱ्याला दहा रुपये.

आता कोल्हापुरी. आपण मराठी माणसं कोल्हापुरी चपलेबद्दल फार अभिमानाने बोलतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या, आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आपण किती भडकलो होतो! बरोबरच होतं. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी २०१९ मध्येच आली होती. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे चार अशा आठ जिल्ह्यांचा तो हक्क आहे. मग कंपनीने या चपलांमागची प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. चांगलं झालं. पण भडकलेल्यांपैकी किती जणांना माहीत होतं, की पारंपरिक कोल्हापुरीत खिळा नसतो, ती चामड्याच्याच वादीने शिवतात? की तिचं चामडं कमावताना अख्ख्या कातड्याची पिशवी शिवून टांगायची, त्यात साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि ते हळूहळू झिरपू द्यायचं, अशी पद्धत आहे? तिच्या बाजूच्या पाकळ्यांना ‘कान’ म्हणतात हे तरी? प्राडाने नाव घेतलं नाही म्हणून आपण ओरडलो. आपण तरी ते नाव कधी घेतो? चपलेचं घेतो, शिवणाऱ्याचं नाही.

या बाबतीत मला गांधीजींची गोष्ट फार विचार करायला लावते. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर ते चपला शिवायला शिकले. कुणाकडून? हर्मन कॅलनबाख या जर्मन आर्किटेक्ट मित्राकडून. आणि कॅलनबाख शिकले होते ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात. पुढे गांधीजींनी शिवलेला एक जोड त्यांचे विरोधक जनरल स्मट्स यांना भेट दिला, स्मट्सनी तो वर्षानुवर्षं वापरला आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त आदराने परत पाठवला. एका बॅरिस्टरने हे काम हातात घेतलं, हे त्या काळी मोठंच धाडस होतं, त्यात शंका नाही. पण गंमत बघा. काठेवाडात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारे कारागीर होते, आणि काठेवाडच्या मुलाला ते शिकायला मिळालं आफ्रिकेत, एका जर्मनाकडून. मधे भिंत असली की शेजारची विद्या साता समुद्रापलीकडून येते. आमची किट्सही तशीच येतात.

उलट बाजूचं टोकही मला मान्य नाही. ‘ही आपली महान परंपरा आहे, या कारागिरांनी ती जपली पाहिजे’ असं भाषण देणारे बरेच भेटतात. का जपावी त्यांनीच? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना मेलेल्या जनावरांचं मांस सोडा असं सांगितलं, आणि सवर्णांनी आपली मेलेली जनावरं आपणच पुरावीत असा ठराव तिथे झाला. ती कामं सोडणं हाच अनेकांसाठी माणूस म्हणून उभं राहण्याचा रस्ता होता. त्यामुळे काकांचा मुलगा कॉमर्सला गेला हे चांगलंच झालं. त्याने उद्या सीए व्हावं. परंपरा टिकवण्याचं ओझं त्याच्या पाठीवर टाकण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. परंपरा आवडत असेल तर आपण शिकावी, आपले हात काळे करावेत. काम सगळ्यांचं झालं तरच ते कुणा एकाच्या जातीचं राहणार नाही. म्हणून मी म्हणते की हा छंद वाढायला हवा. फक्त त्याने कारागिराला पुसून टाकता कामा नये.

तर ती अट. सोपी आहे, तीन भागांत सांगते.

एक, हत्यारांना त्यांच्या नावाने हाक मारा. रापीला रापी म्हणा, आरीला आरी. ‘ऑल’ म्हटल्याने टाका सरळ पडत नाही. हॉस्टेलमध्ये रापी हा शब्द हसू न येता बोलला गेला, तरी मला वाटतं थोडं काही साधलं.

दोन, शिकलात तर फी द्या. ट्रेनिंग क्लासला आपण तासाला पैसे मोजतो, तसेच काकांनाही मोजा, आणि त्यांच्या गिऱ्हाइकाच्या वेळेत नाही, त्यांना सोयीच्या वेळेत जा. ते नाही म्हणाले तर तेही मान्य करा. शिकवणं हे काही त्यांचं कर्तव्य नाही. आणि शिवलेल्या वस्तूचं कुणी कौतुक केलं तर कुणाकडून शिकलात तेही सांगा, त्यांची हरकत नसेल तर नावानिशी.

तीन, आणि ही मागणी कॉलेजला आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये दर सेमिस्टरला दोन दिवसांचं चर्मकामाचं सेशन ठेवावं. शिकवायला कारागिरालाच बोलवावं, आणि बाहेरच्या पाहुण्या व्याख्यात्याला जे मानधन, जी खुर्ची, जो चहा मिळतो, तोच त्यांनाही मिळावा. लागणारं सामान जास्त नाही. शिवताना चामडं धरायचा लाकडी चिमटा आपले सुतारकामाचे विद्यार्थीच एका दुपारी बनवतील. आणि देवाणघेवाण दोन्हीकडून होऊ दे. वाकून बसून या लोकांची पाठ आणि मान जाते. चांगली बैठक, उंचीला बसणारा ठोकळा, सोल्युशनचा वास बाहेर नेणारा छोटा पंखा, यातलं काहीतरी फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून करता येईल. वापरणाऱ्याला विचारून केलं तर! लायब्ररीत धूळ खाणाऱ्या पन्नासाव्या लाइन-फॉलोअर रोबोपेक्षा ते नक्कीच उपयोगी पडेल.

मला कुणाचा छंद बिघडवायचा नाही. माझ्या टेबलावर आत्ताही एक अर्धवट शिवलेलं पाकीट पडलंय, त्याचे सतरा टाके राहिलेत आणि उद्या हीट ट्रान्सफरची टेस्ट आहे. ते पाकीट होईल तेव्हा होईल. तुम्हीही सुरू करा, बोटं सांभाळा, धार ठेवा. आणि पुढच्या वेळी सॅकची चेन तुटली की गेटसमोर उभं राहून मोबाइलमध्ये बघण्याऐवजी जरा खाली काकांच्या हाताकडे बघा. आपल्या कॉलेजच्या सगळ्यात जवळची लॅब तिथे आहे, आणि तिचे प्रोफेसर फुटपाथवर बसतात.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल